बिऱ्हाड पाठीवर, बाळ कुणाच्या यादीत?

दिवाळी सरली की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पूर्वेकडील रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसू लागतात. भांडीकुंडी, सरपण, ताडपत्री, गोधड्या, एखादी शेळी, चार कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली माणसे. नीट पाहिले तर कुणाच्या तरी मांडीवर पदराखाली झाकलेले तान्हे मूलही दिसते. उसाच्या कडेला किंवा कारखान्याजवळच्या माळावर कोप्या उभ्या राहतात, तीन दगडांची चूल पेटते आणि पुढचे चार-पाच महिने त्या बाळाचे घर तेच असते.

उसाचा दर, टनेज, वाहतूक, मुकादमाची उचल यांची चर्चा दर हंगामात होते. पण घरापासून दीड-दोनशे किलोमीटर दूर, ओळखीचे माणूस नसलेल्या मुलखात लहान मूल वाढवायचे कसे, हा प्रश्न त्या आईलाच पडलेला असतो. तो केवळ तिचा प्रश्न नाही. त्यातला मोठा भाग सार्वजनिक आरोग्याचा आहे आणि त्याचे उत्तर ती जिथून आली त्या गावापेक्षा ती जिथे आली आहे त्या गावाकडे जास्त आहे.

परदेश आणि परमुलूख

पुण्यातले एखादे तरुण जोडपे नोकरीसाठी अमेरिकेला निघते तेव्हा सामानात मुलाच्या लसीकरणाची फाइल आधी ठेवली जाते. तिथल्या शाळेत प्रवेश घेताना लसींची नोंद मागतात, हे त्यांना माहीत असते. तिकडे गेल्यावर डॉक्टर शोधणे, विमा घेणे, आजी-आजोबांना सहा महिन्यांसाठी बोलावणे, सगळे ठरवून होते. तरीही आईबाप सांगतात, मूल आजारी पडले की परकेपण खरे कळते.

पाटोदा, आष्टी, पाथर्डी किंवा शेवगावहून आलेल्या ऊसतोड जोडप्याला पासपोर्ट लागत नाही. भाषा मराठीच, राज्यही तेच. पण आजी बहुधा गावी राहिलेली असते. इथले प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे, लसीकरण कोणत्या दिवशी, अंगणवाडी कोणत्या वस्तीवर, आशाताई कोण, यातले काहीच ठाऊक नसते. विचारायला जावे तर दिवस मोडतो. दिवस मोडला की खाडा धरला जातो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ अशी मोजणी असल्याने एकीने काम थांबवले तरी दोघांची मजुरी अडते. त्यामुळे बाळाचा ताप ‘उद्या बघू’ वर जातो. आजार बळावण्याचे पहिले कारण पुष्कळदा जंतूंपेक्षा हा खाडा असतो.

या तालुक्यांत परके कोण?

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी या भागाचा पूर्व पट्टा बागायती केला. ऊस वाढला. जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यात दत्तात्रयनगर-पारगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. त्यांच्या गाळपासाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येऊ लागल्या.

दुसरे स्थलांतर याच तालुक्यांच्या आतले आहे. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे भाताची काढणी उरकली की कामासाठी खाली बागायतीत उतरतात. नारायणगावचा मजूर बाजार त्यांच्यामुळेच भरतो. टोमॅटो, कांदा, द्राक्षाच्या कामावर कुणी रोज येते, कुणी महिना-महिना शेतावरच राहते. अंतर ४०-५० किलोमीटरचे, तालुकाही तोच; पण आपल्या अंगणवाडीपासून आणि आपल्या आशाताईपासून हे मूलही तितकेच तुटलेले असते.

बाळाचे वेळापत्रक, गाळपाचे वेळापत्रक

अडचण नेमकी कुठे आहे, ते एका साध्या हिशोबाने समजेल. समजा, पाटोदा तालुक्यात १ सप्टेंबरला बाळ जन्मले. जन्मताच बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि कावीळ ‘बी’ची लस मिळाली. पुढची लस सहाव्या आठवड्यात, म्हणजे १३ ऑक्टोबरला. तेव्हा घरात सामानाची बांधाबांध सुरू असते. दहावा आठवडा १० नोव्हेंबरला पुरा होतो. तोवर बाळ कोपीत पोहोचलेले असते. चौदावा आठवडा ८ डिसेंबरला. हंगाम ऐन भरात. म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘बी’ आणि हिब यांच्यापासून वाचवणारी पंचगुणी लस, पोलिओचे डोस व इंजेक्शन, जुलाबावरची रोटा लस आणि न्यूमोनियावरची पीसीव्ही, या सगळ्यांचे महत्त्वाचे डोस बाळ परमुलखात असतानाच यायला हवेत.

फेब्रुवारीत जन्मलेल्या बाळाचे आणखी वेगळे. त्याचा नववा महिना नोव्हेंबरमध्ये पुरा होतो. गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची पहिली मात्रा तेव्हा द्यायची, आणि नेमके तेव्हाच बिऱ्हाड हललेले असते. गावची आशाताई घरी जाते तेव्हा दाराला कुलूप असते. ती नोंद करते : ‘बाहेरगावी’. इथली आशाताई आपल्या गावची घरे मोजते. त्यांत कोपी नसते. बाळाचे नाव एका यादीत असते पण बाळ तिथे नसते. बाळ दुसऱ्या ठिकाणी असते पण तिथल्या यादीत नाव नसते. लस शीतपेटीत असते, परिचारिका केंद्रात असते, बाळ दोन किलोमीटरवर असते आणि डोस मात्र चुकतो.

लसीला रहिवासाचा दाखला लागत नाही

पालकांनी आणि गावकऱ्यांनीही एक गोष्ट ठामपणे लक्षात ठेवायला हवी. सरकारी लसीकरण देशात कुठेही मोफत आहे. बाळ कोणत्या जिल्ह्यातले, हे पाहून लस नाकारता येत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असेल तर उत्तम. ते पावसात भिजले, हरवले किंवा गावी राहिले तरी केंद्रात जावे. यू-विन या संगणकीय नोंदणीत बाळाची माहिती असेल तर मोबाइल क्रमांकावरून ती सापडू शकते. म्हणून एकच क्रमांक सगळीकडे देणे महत्त्वाचे. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मोबाइलमध्ये ठेवणे हा त्याहून सोपा उपाय.

दुसरा गैरसमज असा, की एक डोस चुकला की सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते, किंवा आता उशीर झाला म्हणून काही उपयोग नाही. दोन्ही चूक. मालिका जिथे थांबली तिथून पुढे न्यायची असते. काही लसींना वयाची मर्यादा आहे, म्हणून उशीर वाढवू नये. पण उशीर झाला म्हणून जाणेच टाळू नये.

पोषण आहाराचेही तसेच. गरोदर व स्तनदा माता आणि सहा वर्षांखालील मुले यांना मुक्कामाच्या गावातील अंगणवाडीतून लाभ मिळू शकतो. ‘पोषण ट्रॅकर’वर नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे नेता येते. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित मातांचा आणि मुलांचा माग ठेवण्यासाठी वेगळी प्रणालीही सुरू केली. साधने आहेत. पण कोपीपर्यंत चालत जाऊन ‘बाळ किती महिन्यांचे?’ असे विचारणारे माणूस नसेल तर संगणकातली नोंद आपोआप होत नाही.

हे अशक्य नाही, हे पोलिओने दाखवून दिले. पल्स पोलिओच्या काळात वीटभट्ट्या, बांधकामे, साखर कारखान्यांचे तळ, भटक्यांची पाले यांची स्वतंत्र यादी करून तिथे पथके पाठवली गेली. देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. फिरते मूल मोजले गेले, म्हणून ते घडले.

गावाच्या दृष्टीने यात स्वार्थही आहे. गोवर हा अतिशय वेगाने पसरणारा आजार आहे. लस न घेतलेल्या समूहात एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. तो रोखायचा तर सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला तेव्हा लस चुकलेली मुलेच त्यात अधिक सापडली. कोपीतले मूल आणि बंगल्यातले मूल एकाच दुकानात बिस्किट घ्यायला जातात; विषाणू दोघांचा पत्ता विचारत नाही.

पहाटेचा फड आणि आईचे दूध

ऊसतोडणीचा दिवस पहाटे चारलाही सुरू होतो. बाळ बरोबर नेले तर फडाच्या बांधावर साडीच्या झोळीत. ठेवले तर कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली. आई मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून गाडी भरते. या ओढाताणीत पहिला बळी जातो तो अंगावरच्या दुधाचा. दूध कमी पडते अशी समजूत होते आणि बाटली येते. न उकळलेल्या बाटलीतले पाणी घातलेले दूध हे जुलाबाला सरळ आमंत्रण आहे.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणीही नको. कामाला जाण्याआधी आणि आल्यावर पोटभर पाजावे, रात्री अधिक वेळा पाजावे. बाळ मागे राहणार असेल तर हात स्वच्छ धुऊन दूध स्वच्छ वाटीत काढून झाकून ठेवावे. ते थंड जागी सुमारे चार तास चांगले राहते. वाटी-चमच्यानेच पाजावे. सहा महिन्यांनंतर अंगावरच्या दुधासोबत घट्ट वरण-भात, दुधात किंवा वरणात कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याचे बारीक कूट, केळे, अंडे असे दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. बिस्किटाचा पुडा आणि चहा याने मूल गप्प होते, वाढत नाही.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ही कुपोषण ओळखण्याची सोपी खूण आहे. अंगणवाडीताईकडे त्याची रंगीत पट्टी असते. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण. अशा मुलाला उपचार हवेत, नुसता खाऊ पुरत नाही. ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर जादा आहार आणि देखरेख हवी. हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि मध्यात एकदा, अशी ही पट्टी प्रत्येक कोपीत फिरली तरी बरीच मुले वेळेत सापडतील.

थंडी, धूर आणि पाणी

डिसेंबर-जानेवारीत मीना आणि कुकडीच्या काठची रात्र बोचरी असते. ओल्या, पाणी पाजलेल्या उसाच्या शेजारी तर अधिकच. थंडीसाठी कोपीचे तोंड बंद करतात, आत चूल किंवा शेकोटी धुमसत राहते. घरातल्या धुरामुळे लहान मुलांत न्यूमोनियाचा धोका जवळपास दुपटीने वाढतो. चूल कोपीच्या बाहेर, वाऱ्याच्या उलट बाजूला मांडावी. तान्ह्याला टोपी, मोजे घालावेत आणि आईच्या अंगाशी बिलगून झोपवावे. ती ऊब शेकोटीहून चांगली आणि सुरक्षित.

साधा खोकला आणि न्यूमोनिया यांतला फरक आईला घड्याळावरून ओळखता येतो. बाळ शांत असताना छाती-पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, निपचित पडले असेल किंवा झटके येत असतील तर एक तासही थांबू नये.

पिण्याचे पाणी बहुधा शेतातल्या विहिरीचे किंवा पाटाचे. ते उकळून किंवा क्लोरीनचे द्रावण टाकूनच वापरावे. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्यासाठी कधीही घेऊ नये. शेतकऱ्यानेही तो फोडून टाकावा, बांधावर ठेवू नये. जुलाब लागले तर ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यात कालवून घोट-घोट पाजावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. जुलाब थांबले म्हणून झिंक बंद करू नये. या दोन्ही गोष्टी सरकारी केंद्रात मोफत मिळतात. मुकादमाजवळ दहा पाकिटे असली तर पहिली रात्र निभावून जाते.

उसातले शेजारी

या दोन तालुक्यांत परमुलखात लेकरे वाढवणारी आणखी एक आई आहे. बिबट्याची मादी बछड्यांसाठी आडोसा म्हणून ऊसच निवडते. तोडणी सुरू झाली की फडात बछडे सापडतात. मग वन विभागाला फोन जातो, पथक येते, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्यक बछडे तपासतात आणि संध्याकाळी त्यांना सापडलेल्या जागीच ठेवतात, म्हणजे रात्री आई त्यांना घेऊन जाते. जुन्नर वन विभागाने अशा अनेक भेटी घडवून आणल्या आहेत आणि ते काम कौतुकाचे आहे. फडातल्या माणसाच्या बाळासाठीही असा एक फोन, एक पथक आणि एक नोंद व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.

धोका मात्र खरा आहे. बिबट्या बसलेल्या, वाकलेल्या, लहान आकाराच्या भक्ष्याकडे वळतो. म्हणून एकटे मूल सर्वाधिक असुरक्षित. कोप्या उभ्या उसापासून शक्य तितक्या लांब, एकत्र आणि उजेडात असाव्यात. दिवस मावळल्यावर आणि पहाटे मुलाला एकटे शौचाला किंवा पाण्याला पाठवू नये. झोळी उसाच्या कडेला न बांधता माणसांच्या नजरेत बांधावी. बिबट्याने किंवा कुत्र्याने चावले, ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. रेबीजची लस आणि खोल जखमेत सीरम, दोन्ही गरजेचे असते. हळद, चुना, मिरची काही लावू नये.

जमिनीवर झोपणाऱ्या मुलाला सापाचाही धोका. मण्यार रात्री चावते. जखम दिसत नाही, फारशी दुखत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून रडत उठले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर मण्यारीचा दंश डोक्यात आणावा आणि मांत्रिकाकडे वेळ न घालवता निघावे. सर्पविषावरील औषध सरकारी रुग्णालयात मोफत आहे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी अनेक वर्षे या भागात सर्पदंशाविषयी केलेल्या उपचार व जागृतीचा सारांश हाच आहे : वेळेत आलेला रुग्ण वाचतो. बाज किंवा उंचवटा आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हे यावरचे स्वस्त संरक्षण.

यजमान गावाने एवढे करावे

* टोळी उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात मुकादमाने गरोदर महिला आणि सहा वर्षांखालील मुलांची यादी उपकेंद्रात द्यावी. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे टोळ्यांचे ठिकाण असतेच. ते आरोग्य केंद्राला कळवावे.
* महिन्यातून एक लसीकरण सत्र तळावर आणि टोळी परतण्याच्या वेळी, दुपारनंतर ठेवावे. सकाळी दहाला कोपीत आई नसते.
* लसीच्या, तपासणीच्या आणि मुलाच्या आजारपणाच्या दिवसाचा खाडा धरू नये.
* दिवस भरत आलेल्या महिलेचे नाव जवळच्या रुग्णालयात नोंदवावे. प्रसूती आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. तातडीच्या वेळी १०८, गरोदर माता व बाळासाठी १०२ ही रुग्णवाहिका बोलवावी. जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव येथे ग्रामीण रुग्णालये आणि मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे.
* शेतमालकाने पिण्याचे चांगले पाणी, एक दिवा आणि तळाचा नेमका पत्ता एवढे द्यावे. रात्री रुग्णवाहिकेला ‘कुठल्या मळ्यात?’ हे सांगता आले पाहिजे.

कारखान्याचा पट्टा पडला की कोप्या मोडतात आणि ट्रॉल्या परत निघतात. तोडलेल्या प्रत्येक टनाची नोंद त्या दिवशी कारखान्यात असते, उचलीतला प्रत्येक रुपया मुकादमाच्या वहीत असतो. ट्रॉलीवर बसलेल्या बाळाच्या कार्डावर त्या चार महिन्यांतल्या तारखाही उमटलेल्या असाव्यात. तेवढे झाले तर बाळ परमुलखात राहिले, पण परके राहिले नाही, असे म्हणता येईल.